दक्षिण ध्रुवखंडांतील हिवाळ्याचा मुक्काम

दक्षिण ध्रुवखंड किंवा अंटार्क्टिका हें नांव भूगोलाच्या पुस्तकांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाचनांत येतें. तो प्रदेश अतिशय थंड आहे, तेथें बर्फ फार आहे, पेंग्विन नांवाचे पक्षी तेथें राहतात, एवढी माहिती परीक्षेस पुरते आणि आपण पान उलटतों. परंतु त्या प्रदेशांत ऐन हिवाळ्यांत, सूर्य दिसेनासा झाल्यावरहि, आपल्याच देशाचीं माणसें दरवर्षीं राहतात, स्वयंपाक करितात, यंत्रें चालवितात, आजारी पडतात आणि बरींहि होतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. वैशाखाच्या उन्हांत तापलेल्या आपल्या खानदेशांत बसून त्या मुक्कामाची कल्पना करणें सोपें नाहीं. जळगांव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तो आपण वर्षानुवर्षें सोसत आलों आहों. तिकडे व्होस्तोक नांवाच्या रशियन ठाण्यावर २१ जुलै १९८३ रोजीं तापमान शून्याखालीं ८९.२ अंशांपर्यंत उतरलें होतें. उणे ३९ अंशांच्या सुमारास थर्मामीटरांतील पारासुद्धां गोठून घट्ट होतो; म्हणजे असली थंडी मोजावयास पारा कामाचाच नाहीं.

अशा ठिकाणीं माणूस हिवाळा काढतो तरी कसा, हें सांगण्याचा ह्या लेखांत आमचा विचार आहे. उबदार कपडे आणि धाडस हीं दोन उत्तरें कोणासहि तत्काळ सुचतील, आणि तीं खोटीं नाहींत. तथापि तेथील मुक्कामाचे वृत्तांत लक्षपूर्वक वाचले म्हणजे असें दिसून येतें कीं, माणसांस तारणारी खरी गोष्ट निराळी व पुष्कळ साधी आहे. ती म्हणजे आधीं करून ठेवलेली बेगमी आणि प्रत्येकानें न चुकतां सांभाळलेली आपली पाळी.

प्रथम त्या भूमीची थोडी ओळख करून घेऊं. अंटार्क्टिका खंडाचें क्षेत्रफळ सुमारें १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या देशासारखे चार देश त्यांत मावून जागा उरेल. त्याचा जवळजवळ सर्व पृष्ठभाग बर्फानें झांकलेला असून त्या थराची सरासरी जाडी सुमारें दोन किलोमीटर आहे. तेथें गांव नाहीं, शेत नाहीं, कोणी मूळचा रहिवासीहि नाहीं. ज्या बारा राष्ट्रांनीं १९५९ सालीं करार करून हें खंड शांततेच्या व शास्त्रीय शोधाच्या कामासाठींच राखून ठेवण्याचें ठरविलें, त्यांच्या करारांत आपला देश १९८३ सालीं सामील झाला.

आपल्या देशाची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याच्या मुरगांव बंदरांतून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासीम हे तिचे पुढारी होते, बरोबर एकंदर २१ माणसें होतीं, आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं त्यांनीं बर्फावर पाऊल ठेवलें. ती मोहीम उन्हाळ्यापुरतीच होती. तिसरी मोहीम १९८३ च्या डिसेंबरांत गेली. तींत नागपुरास जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता ह्या दोघी होत्या. भारतीय मोहिमेंतून दक्षिण ध्रुवखंडावर गेलेल्या ह्याच पहिल्या स्त्रिया होत. त्या मोहिमेनें ‘दक्षिण गंगोत्री’ नांवाचें ठाणें बांधलें, आणि १९८४ च्या मार्च महिन्यांत जहाज परत फिरलें तेव्हां लेफ्टनंट कर्नल सत्यस्वरूप शर्मा ह्यांच्या हाताखालीं बारा जणांची तुकडी मागें राहिली. भारतीय ठाण्यावरील हिवाळ्याच्या मुक्कामास येथूनच आरंभ झाला.

दक्षिण गंगोत्री हें ठाणें समुद्रावर तरंगणाऱ्या हिमपटावर उभें होतें. वर्षानुवर्षें पडणाऱ्या बर्फाखालीं तें हळूहळू गाडलें गेलें व १९९० सालीं त्यांतील वस्ती हलवावी लागली. त्याच्या आधींच, १९८९ च्या सुमारास, शिर्माखर नांवाच्या खडकाळ टापूंत ‘मैत्री’ हें ठाणें उभें राहिलें होतें. २०१२ सालीं लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ हें आणखी एक ठाणें सुरू झालें. ह्या मोहिमांची आंखणी गोव्यांतील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रांतून होते. आणखी एक गमतीची गोष्ट अशी कीं, ५ एप्रिल २०२४ रोजीं भारती ठाण्यावर महाराष्ट्र टपाल परिमंडळानें टपालाची शाखा उघडली आणि तिला ‘एम एच १७१८’ असा सांकेतिक क्रमांक दिला. तेव्हां टपालखात्याच्या दृष्टीनें पाहतां तो बर्फ आपल्या शेजारचाच म्हणावयाचा!

आतां हिवाळ्याच्या रात्रीकडे वळूं. ‘तेथें सहा महिने दिवस व सहा महिने रात्र’ असें सर्रास म्हटलें जातें. परंतु तें केवळ ध्रुवबिंदूपुरतेंच खरें आहे. ध्रुवापासून जों जों दूर यावें, तों तों ती लांबलचक रात्र आखूड होत जाते. मैत्री ठाणें दक्षिण अक्षांश ७० अंश ४६ कलांवर आहे. तेथें मे महिन्याच्या २० तारखेच्या सुमारास सूर्य मावळतो, तो जुलैच्या चौथ्या आठवड्यांत पुन्हां दिसतो. म्हणजे ही रात्र सुमारें दोन महिन्यांची होय. उलट नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत सूर्य मुळीं मावळतच नाहीं. पृथ्वीचा आंस कललेला असल्यामुळें आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. २१ जूनला आपला दिवस सर्वांत मोठा असतो आणि तेथें रात्र ऐन भरांत असते.

ह्या दोन महिन्यांत सदैव काळोखच असतो असेंहि नाहीं. २१ जूनच्या दोनप्रहरीं मैत्री ठाण्यावर सूर्य क्षितिजाखालीं केवळ चारच अंश असतो. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर पंधरावीस मिनिटांनीं जसा अंधुक प्रकाश असतो, तसा प्रकाश तेथें उत्तरेच्या बाजूस कांहीं वेळ पसरतो आणि विझतो. तेथील माणसाच्या दृष्टीनें तोच त्या दिवसाचा ‘दिवस’. उरलेल्या वेळीं तारे, चंद्र आणि आकाशांत हालणारे हिरवट पडदे. ह्या पडद्यांस ध्रुवप्रकाश म्हणतात. सूर्यापासून निघालेले विद्युद्भारित कण पृथ्वीच्या चुंबकशक्तीनें ध्रुवप्रदेशाकडे ओढले जातात व शंभर किलोमीटरांहून अधिक उंचीवर हवेंतील प्राणवायु व नत्रवायु ह्यांच्या कणांवर आदळतात. त्यांतून हा प्रकाश उत्पन्न होतो. पृथ्वीच्या चुंबकशक्तीचें मापन करण्याचें काम आपल्याकडे फार जुनें आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत तें चालत असे; पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानें मापन बिघडणार, म्हणून १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा काढण्यांत आली. त्याच परंपरेंतील भारतीय भूचुंबकत्व संस्था मैत्री ठाण्यावरहि हें मापन करीत आली आहे.

हिवाळ्याची खरी सुरुवात सूर्य मावळतो त्या दिवशीं होत नाहीं. ती जहाज परत फिरतें त्या दिवशीं होते. उन्हाळ्यांत आलेलीं पुष्कळशीं माणसें मार्चच्या सुमारास परत जातात आणि मागें पंचवीस-एक जण राहतात. लवकरच समुद्राचा पृष्ठभाग गोठून मैलोगणती घट्ट होतो. जहाज येऊं शकत नाहीं. अंधार, वादळ व गोठविणारी थंडी ह्यांमुळें विमानाचाहि भरंवसा नसतो. पुढचे सात-आठ महिने जें काय जवळ आहे तेवढ्यावर निभवावयाचें. सोनगीरचा किल्ला आपण रोज पाहतों. असल्या किल्ल्यास शत्रूचा वेढा पडला म्हणजे आंतल्या शिबंदीचें सर्व आयुष्य कोठारांतील धान्य, विहिरींतील पाणी आणि बुरुजावरचा जागता पहारेकरी ह्या तीन गोष्टींवर अवलंबून असे. ध्रुवखंडांतील ठाणें हा असाच एक किल्ला आहे. वेढा घालणारा शत्रु तेवढा थंडी आहे, आणि तिच्याशीं तह करितां येत नाहीं.

म्हणून बेगमी हा तेथील पहिला धर्म. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं घरोघर धान्य भरून ठेवतात, पापड, कुरडया, वड्या वाळवितात, गोवऱ्या व लांकडें आडोशाला रचतात. पाऊस पडूं लागल्यावर तयारीस निघालेल्या घराची काय दशा होते, तें घरांतील वडील माणसें जाणतात. परंतु आपल्या घरीं मीठ संपलें तर शेजारणीकडून वाटीभर आणतां येतें. तेथें एखादा लहानसा स्क्रू, एखादें औषध किंवा यंत्राचा पट्टा यादींत लिहावयाचा राहून गेला, तर तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळावयाचा नाहीं. पीठ, तांदूळ, डाळी, तेल, मसाले, डब्यांतील फळें, गोठवून ठेवलेल्या भाज्या, इंधन, औषधें, यंत्रांचे जास्तीचे भाग, ह्या सर्वांची मोजदाद करून मगच जहाज सुटतें. साधें डिझेल तेथील थंडींत दाट होऊन नळींत अडकतें, यास्तव थंडींतहि पातळ राहणारें विशेष इंधन न्यावें लागतें. माणसांचीहि निवड व तयारी होते. त्यांची शरीरप्रकृति व मनःप्रकृति तपासतात, आणि हिमालयांत औली येथें बर्फावर चालण्याचें व राहण्याचें शिक्षण देतात.

घराची रचना कशी असते तें पाहूं. मैत्री ठाण्याची मुख्य इमारत लोखंडी खांबांवर जमिनीपासून उंच उभारलेली आहे. ह्याचें कारण असें कीं, वारा इमारतीखालून निघून जातो व आपल्याबरोबर बर्फहि घेऊन जातो. इमारत जमिनीस टेकलेली असती तर भिंतीशीं बर्फाचे ढीग साचून ती दक्षिण गंगोत्रीप्रमाणें गाडली गेली असती. भारती ठाणें १३४ मालवाहू पेट्या एकमेकींस जोडून व त्यांवर उष्णतारोधक आवरण चढवून केलेलें आहे. दोन्ही ठिकाणचें तत्त्व मात्र आपल्या गोधडीचेंच. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. तिच्या थरांत अडकलेली हवा स्थिर असते, आणि स्थिर हवेंतून उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून अंगाची ऊब अंगापाशींच राहते. तेथील भिंतींच्या पोटांत हवेचे असंख्य बुडबुडे असलेला हलका पदार्थ भरलेला असतो, आणि कपडेहि एकच जाड न घालतां अनेक पातळ थरांचे घालतात. घाम आला कीं थर ओले होतात, हवेच्या जागीं पाणी शिरतें आणि ऊब निघून जाते. म्हणून कुदळ-फावड्याचें कष्टाचें काम करतांना अंगावरचा एक थर आधींच उतरवून ठेवणें हें शहाणपणाचें समजतात.

धातूची गोष्ट ह्याच्या अगदीं उलट. सोनगीरच्या तांबट कारागिरांस हें सांगावयास नको कीं, तांब्याच्या भांड्याचें बूड तापलें म्हणजे काठहि तत्काळ चटका देतो. कारण तांब्यांतून उष्णता भराभर वाहते. थंडींत हाच व्यवहार उलट दिशेनें होतो. उणे तीस अंशांत उघड्या, ओलसर बोटानें लोखंडास स्पर्श केला तर बोटाची उष्णता धातु क्षणांत ओढून घेतो, बोटावरचा ओलावा गोठतो आणि कातडी धातूस चिकटते. म्हणून बाहेर यंत्र दुरुस्त करणाऱ्यास हातमोजे काढतां येत नाहींत; आणि जाड मोजे घालून बारीकसा स्क्रू फिरविणें म्हणजे काय, हें शिंप्यानें किंवा घड्याळजीनें क्षणभर मनांत आणून पाहावें.

थंडीला वाऱ्याची जोड मिळाली म्हणजे तिचें बळ दुणावतें. बशींतील चहावर फुंकर घातली कीं तो लवकर निवतो. वारा आपल्या अंगाभोंवतालचा ऊबदार हवेचा थर तसाच उडवून नेतो. तापमान उणे २० अंश असून वारा ताशी ६० किलोमीटर वेगानें वाहूं लागला, तर उघड्या कातडीस उणे ३६ अंशांच्या थंडीसारखी इजा पोंचते. हिमवादळांत तर वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्याहि पुढें जातो. अशा वेळीं उडणाऱ्या बर्फामुळें पुढें केलेला स्वतःचा हातहि दिसेनासा होतो. दहापंधरा पावलांवरील दार न सांपडल्यामुळें माणूस दगावूं शकतो. म्हणून एका इमारतीपासून दुसरीपर्यंत दोर बांधून ठेवतात, बाहेर जाणारा एकटा जात नाहीं, आणि गेल्याची व परत आल्याची नोंद केल्यावांचून कोणीहि दाराबाहेर पडत नाहीं.

सर्वत्र बर्फ असून पिण्याचें पाणी मिळविणें कठीण, हें वाचकांस नवल वाटेल. बर्फ वितळविण्यास इंधन लागतें, आणि इंधन मोजकेंच असतें. मैत्री ठाण्याजवळ प्रियदर्शिनी नांवाचें गोड्या पाण्याचें तळें आहे, तेंच त्या वस्तीची विहीर. हिवाळ्यांत त्याचा वरचा थर गोठतो, तरी खालीं पाणी द्रवरूपच राहतें. ह्यामागें निसर्गाचा एक मोठा चमत्कार आहे. बहुतेक पदार्थ निवतांना आकसत जातात. पाणी मात्र चार अंशांपर्यंतच आकसतें व त्याखालीं पुन्हां फुगूं लागतें. त्यामुळें चार अंशांचें जड पाणी तळाशीं राहतें, अधिक थंड पाणी वर येऊन गोठतें, आणि तो बर्फाचा थर खालच्या पाण्यावर गोधडीसारखा पसरतो. हें पाणी नळानें घरांत आणावयाचें तर नळास सतत ऊब द्यावी लागते. ती बंद पडली कीं आंतलें पाणी गोठून फुगतें आणि नळ फुटतो. भारती ठाण्यावर समुद्राचें पाणी गोडें करून वापरतात.

थंडीच्या खालोखाल, किंबहुना थंडीहूनहि अधिक, भय असतें तें आगीचें. हें प्रथम ऐकणाऱ्यास खोटें वाटतें. परंतु अति थंड हवेंत पाण्याची वाफ फार थोडी असते. तीच हवा घरांत तापविली म्हणजे ती इतकी कोरडी होते कीं लांकूड, कापड, कागद सर्व वाळून कोळ होतात. आपल्याकडे कापसाच्या जिनिंग कारखान्यांत एका ठिणगीची किती धास्ती बाळगतात तें आपण जाणतों. तेथें आग लागली, तर विझवावयास पाणी गोठलेलें, वारा वाहणारा, आणि घर जळून गेलें तर वांचलेल्यांस डोकें टेकावयास दुसरी जागा नाहीं. म्हणून तेथील ठाण्यांवर सर्व झोंपले असतांना एक जण पाळीनें जागा राहतो, सर्व खोल्यांतून फिरून येतो, यंत्रघर पाहतो. शिवाय मुख्य घरापासून दूर एका निवाऱ्यांत अन्न, कपडे व इंधन निराळें ठेवलेलें असतें.

अग्नीचा दुसरा घात न दिसणारा आहे. १९९० च्या जानेवारींत, उन्हाळ्याच्या दिवसांतच, नवव्या भारतीय मोहिमेंतील चार सभासद हंबोल्ट पर्वतांतील छावणींत कार्बन मोनॉक्साइड नांवाच्या विषारी वायूनें मृत्यु पावले. हा वायु इंधन अपुऱ्या हवेंत जळल्यानें उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस झोंपेंतच संपतो. आमच्या पालकवर्गानें ही गोष्ट ध्रुवखंडापुरतीच आहे असें समजूं नये. पौष-माघाच्या थंडींत दारें-खिडक्या लावून, पेटती शेगडी खोलींत ठेवून निजणें हें आपल्या गांवींहि तितकेंच घातक आहे.

आतां दिनचर्या. सूर्य उगवत-मावळत नसला म्हणजे शरीरास झोंपेची वेळ समजत नाहीं. कोणी रात्रभर जागा राहतो, कोणी दिवसभर पेंगतो, भूक अवेळीं लागते. ह्यावर एकच उपाय आहे. सूर्याचें काम घड्याळाकडे सोंपवावयाचें. ठरल्या वेळीं उठणें, ठरल्या वेळीं सर्वांनीं एकत्र जेवणें, ठरल्या वेळीं काम, व्यायाम व झोंप. हवामानाची नोंद दर तीन तासांनीं होते, मग बाहेर वादळ असो वा सणाची मेजवानी चाललेली असो. यंत्रज्ञ वीजयंत्रें सांभाळतो, बिनतारी विभागाचा माणूस संदेश पाठवितो, आचारी अन्न शिजवितो. परंतु भांडीं घासणें, केर काढणें, कोठारांतून सामान आणणें, हीं कामें एकाच्या गळ्यांत बांधीत नाहींत. त्यांची पाळी शास्त्रज्ञास, डॉक्टरास, पुढाऱ्यास, सर्वांस सारखीच येते. ज्यानें आज भांडीं घासलीं नाहींत, त्याच्यामुळें उद्यां कोणी मरणार नाहीं, हें खरें. पण ज्यास भांड्याची पाळी चुकवितां येते, त्याच्या हातीं आगीच्या पहाऱ्याची पाळी निर्धास्तपणें कोण सोंपवील? लहान पाळीच्या ठायीं मोठ्या पाळीची परीक्षा होत असते.

अंधाराचा मनावर काय परिणाम होतो, हें ‘बेल्जिका’ जहाजाच्या हकीकतीवरून चांगलें दिसून येतें. १८९८ सालीं आद्रियाँ द गेर्लाश ह्याच्या पुढारीपणाखालील हें बेल्जियन जहाज दक्षिणेच्या समुद्रांत बर्फांत अडकलें व त्यावरील मंडळींस सर्व हिवाळा तेथेंच काढावा लागला. सूर्य सुमारें सत्तर दिवस दिसला नाहीं. डब्यांतील अन्नावर राहिल्यानें हिरड्या सुजूं लागल्या, अंगांत त्राण राहीना, मनें खिन्न झालीं, कांहींच्या बुद्धीवर परिणाम झाला, आणि त्या काळोखांतच त्यांचा सोबती एमिल दांको हा मरण पावला. जहाजावर फ्रेडरिक कुक नांवाचा डॉक्टर होता. त्यानें सर्वांस सील व पेंग्विन ह्यांचें ताजें मांस खावयास लावलें, उघड्या शेगडीच्या प्रकाशासमोर आळीपाळीनें बसविलें आणि रोज चालावयास लावलें. ताज्या अन्नांतील ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावानें हा रोग होतो, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें; तरी उपाय बरोबर लागू पडला. मंडळींनीं करवतींनीं बर्फ कापून वाट केली आणि १८९९ च्या मार्चमध्यें जहाज बर्फांतून मोकळें झालें.

आजच्या ठाण्यांवर दिवे आहेत, पुस्तकें आहेत, व्यायामाचीं साधनें आहेत, उपग्रहाच्या साहाय्यानें घरच्या माणसांशीं बोलतां येतें. तरीसुद्धां तीच पंचवीस माणसें, तेंच जेवणाचें मेज, तेच विनोद महिनोगणती ऐकून मन विटतें. एखाद्याचें घोरणें, एखाद्याची चमचा वाजविण्याची संवय, एवढेंहि भांडणास पुरतें. आणि भांडून दूर जावयास तेथें गांव नाहीं. सर्वांत कठीण प्रसंग तो, जेव्हां घरचें दुःखद वर्तमान येतें. बातमी क्षणांत पोंचते, पण माणसास पोंचतां येत नाहीं. अशा वेळीं त्याच्या शेजारीं मुकाट्यानें बसून राहणारा आणि त्याची पाळी न बोलतां स्वतः उरकणारा सोबती हाच त्याचा आप्त होतो. म्हणूनच २१ जून हा ऐन रात्रीचा दिवस सर्व राष्ट्रांच्या ठाण्यांवर सण म्हणून पाळतात. गोडधोड करितात आणि एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यास शुभेच्छा पाठवितात. त्या दिवसापासून सूर्य परत फिरलेला असतो.

मैत्रीपासून अवघ्या पांच किलोमीटरांवर नोव्होलाझारेव्हस्काया हें रशियन ठाणें आहे. १९६१ च्या हिवाळ्यांत तेथें डझनभर माणसांत लिओनिद रोगोझोव्ह हा सत्तावीस वर्षांचा एकटाच डॉक्टर होता. एप्रिलच्या अखेरीस त्याच्या पोटांत दुखूं लागलें, आणि आपलें आंत्रपुच्छ सुजलें असून शस्त्रक्रिया झाली नाहीं तर मरण निश्चित आहे, हें त्यानें ओळखलें. बाहेर हिमवादळ, विमान येणें अशक्य. तेव्हां त्यानें केवळ जागा बधिर करून स्वतःवर स्वतःच शस्त्रक्रिया केली. ती पावणेदोन तासांच्या सुमारास चालली. एक हवामानशास्त्रज्ञ त्याच्या हातीं शस्त्रें देत होता आणि एक यंत्रज्ञ आरसा धरून उभा होता. दोनच आठवड्यांत डॉक्टर कामावर रुजू झाला. ही गोष्ट डॉक्टरच्या धैर्याची म्हणून सांगतात, आणि तें धैर्य अलौकिक होतें यांत शंका नाहीं. तथापि तो आरसा धरणाऱ्या हाताचाहि आम्हांस विसर पडूं नये असें वाटतें. ज्यानें जन्मांत कधीं चिरलेलें पोट पाहिलें नव्हतें, त्यानें त्या रात्रीं हात थरथरूं दिला नाहीं.

इतके कष्ट कशाकरितां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका उदाहरणानें देतां येईल. ब्रिटिशांच्या हॅली नांवाच्या ठाण्यावरून १९५७ च्या सुमारापासून वातावरणांतील ओझोन वायूचें मापन वर्षानुवर्षें चालू होतें. सूर्याचे घातक किरण अडविणारा हा वायु ध्रुवखंडावर दर वसंतऋतूंत झपाट्यानें घटत आहे, असें त्या आंकड्यांवरून ध्यानांत आलें, आणि १९८५ सालीं तें जगापुढें मांडण्यांत आलें. दोनच वर्षांनीं, १९८७ सालीं, माँट्रिअल येथें राष्ट्रांनीं त्या नाशास कारण होणाऱ्या पदार्थांवर बंधनें घातलीं. शेंकडों कंटाळवाण्या दिवशीं कोणीतरी उठून आंकडा लिहून ठेवला होता, म्हणून ही गोष्ट उजेडांत आली. मधलीं वर्षें कोरीं असतीं तर तुलना कशाशीं करणार?

जुलैच्या अखेरीस एके दिवशीं दोनप्रहरीं उत्तर क्षितिजावर सूर्याची तांबडी कड दिसते आणि कांहीं मिनिटांतच नाहींशी होते. तेवढ्यासाठीं सर्व मंडळी बाहेर येऊन उभी राहतात. पुढें दिवस भराभर वाढतो, आणि नोव्हेंबराच्या सुमारास नवीं माणसें येतात. कांहींस त्यानंतरहि थांबावें लागतें. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या मंगला मणी ह्या २०१६-१७ सालीं भारती ठाण्यावर ४०३ दिवस राहिल्या. त्यांच्या तेवीस जणांच्या तुकडींत त्या एकट्याच स्त्री होत्या.

विद्यार्थीमित्रहो, हें सर्व वाचून तुमच्यापैकीं एखाद्यास तिकडे जावें असें वाटलें, तर त्यानें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. तेथें केवळ शास्त्रज्ञच लागतात असें नाहीं. डॉक्टर लागतो, आचारी लागतो, वीजकामगार, सांधेजोडणारा, सुतार, मोटारयंत्रज्ञ लागतो. आणि हिमवादळाच्या रात्रीं वीजयंत्र बंद पडलें तर शास्त्रज्ञासहि यंत्रज्ञाच्या हाताकडेच पाहावें लागतें. आपल्या गांवीं भट्टीपुढें बसून धातूशीं बोलणारे हात आहेत, शेतांत मोटेपासून पंपापर्यंत सर्व कांहीं दुरुस्त करणारे हात आहेत. ह्या हातांस शाळेंतील विद्येची जोड मिळाली, तर तो गोठलेला किल्ला लढविण्यास खानदेशचें माणूस कोणाहून उणें पडणार नाहीं. त्याची पूर्वतयारी मात्र आजपासूनच करतां येईल. वर्गाचा फळा पुसण्याची, घरीं पाणी भरण्याची, गोठ्यांतील दिवा मालवण्याची जी पाळी आज आपल्याकडे आली असेल, ती कोणी पाहत नसतांहि पुरी करावी.